९८१ एस की ७१८ एस? बिनटर्बो सहा सिलिंडर आणि टर्बो चार सिलिंडर यांत निवड कशी करावी

वळणवेडा:
वापरलेली स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, मॅन्युअल गिअरबॉक्सचीच. दोन गाड्यांवर गाडी अडली आहे. एक पोर्शे ९८१ केमन एस, म्हणजे ३.४ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही. दुसरी तिच्यानंतर २०१६ मध्ये आलेली ७१८ केमन एस, २.५ लिटर, चार सिलिंडर, टर्बो. रोजच्या कामाला नाही, सुट्टीला डोंगरातले रस्ते आणि अधूनमधून ट्रॅक. कुठेही विचारलं तरी चर्चा आवाजापाशी सुरू होऊन आवाजापाशीच संपते. चालवताना, सांभाळताना आणि पुढची काही वर्षं ठेवताना नेमका काय फरक पडतो ते जाणकारांनी सांगावं. बीएमडब्ल्यू झेड४ सुद्धा मनात आहे, तिच्यातही दोन्ही प्रकार मिळतात.

टॉर्ककर्व्ह:
आधी आकडे समोर ठेवू. ९८१ केमन एस: ७४०० आरपीएमला ३२५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), आणि ३७० न्यूटन-मीटर ४५०० ते ५८०० दरम्यान. ७१८ केमन एस: ६५०० ला ३५० पीएस, आणि ४२० न्यूटन-मीटर १९०० ते ४५०० दरम्यान. जुन्या गाडीचा टॉर्क जिथे माथ्यावर पोहोचतो, नेमका तिथेच नव्या गाडीचा उतरू लागतो. निम्मं उत्तर या ४५०० मध्ये आहे.

आता हे गिअरमध्ये बसवून पाहा, कारण नुसता इंजिनाचा टॉर्क काही सांगत नाही. दोन्ही मॅन्युअल गाड्यांचे रेशो सारखेच आहेत: दुसरा १.९५, तिसरा १.४१, चौथा १.१३, फायनल ३.८९. मागच्या १९ इंची टायरचा एक फेरा साधारण २.१२ मीटर धरला, तर ८० च्या वेगाला चौथ्यात इंजिन २७५० च्या आसपास असतं, तिसऱ्यात ३४५० आणि दुसऱ्यात ४७५० च्या थोडं वर. चौथ्यातच पाय दाबला तर ७१८ कडे, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) भरण्याचा क्षण सोडला तर, पूर्ण ४२० तयार असतात. ९८१ त्या ठिकाणी अजून अर्ध्या वाटेवर असते.

पण ९८१ दुसऱ्यात टाका. ३७० गुणिले ७.५९ (दुसरा १.९५ गुणिले फायनल ३.८९), म्हणजे चाकांवर सुमारे २८०० न्यूटन-मीटर. ७१८ चौथ्यात ठेवून चाकांवर सुमारे १८५० देते. गिअर खाली टाकणाऱ्याला सहा सिलिंडर कमजोर वाटत नाही. ज्याला गिअर न बदलता ओव्हरटेक हवा, त्याला ती मंद वाटते. ९८१ ला 'खाली जीव नाही' म्हणणारे बहुतेक जण ती चौथ्या-पाचव्यात चालवून पाहतात.

एक खोट मात्र मान्य करायला हवी. या गाड्यांचे गिअर फार लांब आहेत. दुसरा ७८०० पर्यंत ओढला की वेग १३० च्या घरात जातो. सहा सिलिंडरची खरी गंमत ६००० च्या वर, आणि सार्वजनिक रस्त्यावर ती पहिल्या आणि दुसऱ्या गिअरपलीकडे हाती लागत नाही. माझ्या मते ९८१ ची हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. आवाजाच्या कौतुकात तिचं नावही निघत नाही.

सिक्सपॉट:
वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो सगळा पाय पूर्ण दाबलेला असतानाचा आहे. डोंगरातल्या वळणात पाय पूर्ण दाबलेला नसतोच. तिथे तो वीस-तीस-चाळीस टक्क्यांत खेळत असतो, आणि खरा फरक तिथे कळतो.

बिनटर्बो इंजिनात थ्रॉटल उघडला की हवा लगेच सिलिंडरमध्ये जाते आणि टॉर्क त्याच प्रमाणात वाढतो. टर्बोमध्ये आधी एक्झॉस्ट वाढतो, मग टर्बाइनचा वेग, मग बूस्ट, मग टॉर्क. पाय स्थिर धरला तरी पुढचं अर्ध सेकंद टॉर्क वाढत राहू शकतो. वळणाच्या मध्यावर, मागचे टायर पकडीच्या कडेवर असताना, हा आपण न मागितलेला टॉर्क मागून रेटतो. सराव झाला की माणूस त्या हिशेबाने पाय आधी देतो आणि आधी काढतो. जमत नाही असं नाही, पण ती वेगळी सवय आहे.

७१८ एस मध्ये व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो आहे, साध्या २.० लिटर ७१८ मध्ये नाही. टर्बाइनभोवतीची पाती कमी आरपीएमला मिटतात, वाट अरुंद होते, एक्झॉस्ट वेगाने आदळतो आणि टर्बो लवकर फिरतो. पेट्रोल इंजिनात हे तंत्र क्वचित दिसतं, कारण एक्झॉस्टचं तापमान डिझेलपेक्षा बरंच जास्त असतं आणि पात्यांना तसा धातू लागतो. त्यामुळे 'टर्बो चार सिलिंडर' म्हणून २.० आणि २.५ यांना एका मापाने मोजू नका. चालवायला त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आवाजाबद्दल दोनच वाक्यं. ६००० आरपीएमला चार सिलिंडर सेकंदाला २०० स्फोट करतं, सहा सिलिंडर ३००, आणि वर टर्बाइन एक्झॉस्टच्या लहरी बोथट करते. एक्झॉस्ट बदलून आवाजाची पट्टी बदलत नाही, फक्त मोठेपणा वाढतो, तेव्हा 'नंतर एक्झॉस्ट लावू' या भरवशावर ७१८ घेऊ नका.

ओबीडीवाला:
चालवून पाहताना 'लॅग आहे का' असा मोघम प्रश्न घेऊन जाऊ नका. दोन गोष्टी वेगळ्या तपासा. पहिली, बूस्ट ज्या आरपीएमच्या खाली पुरेसा तयारच होत नाही तो उंबरठा. दुसरी, त्या उंबरठ्याच्या वर असताना पाय दाबल्यापासून पूर्ण बूस्ट येईपर्यंत जाणारा वेळ. लॅग म्हणजे ही दुसरी. पहिलीवर गिअर खाली टाकणं हा उपाय आहे, दुसरीवर चालकाच्या हातात फारसा उपाय नाही.

ओबीडी पोर्टला (गाडीचा कॉम्प्युटर वाचायच्या जोडणीला) ब्लूटूथ अडॅप्टर लावा आणि इंटेक मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम, थ्रॉटल, इंटेकच्या हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग रेकॉर्ड करा. ऑइल ८० अंशांवर गेल्यावर, मोकळ्या सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये २०००, ३००० आणि ४००० वरून पूर्ण पाय द्या. सोबतचा माणूस फोन सांभाळेल, चालकाने रस्ता सांभाळावा. नंतर आलेख पाहा. दाब एकसंध चढून स्थिर राहायला हवा. चढून मध्येच पडला, वर-खाली हेलकावे घेतले किंवा अपेक्षित दाबापर्यंत पोहोचलाच नाही, तर पाइपची गळती, पात्यांचा अ‍ॅक्च्युएटर किंवा प्लग-कॉइल यांपैकी काहीतरी आहे.

मग चौथी चाचणी, जी जवळपास कोणीच करत नाही. ३५०० ला पाय स्थिर धरा, पूर्ण सोडा, एक सेकंद थांबा आणि पुन्हा अर्धा द्या. वळणातून निघताना हेच होतं. ही चाचणी नॉर्मल आणि स्पोर्ट दोन्ही मोडमध्ये करा. स्पोर्टमध्ये इंजिनाचं नियंत्रण टर्बोचा वेग टिकवून धरण्याचा प्रयत्न करतं, त्यामुळे फरक स्पष्ट जाणवतो.

वळणवेडा:
छान माहिती मिळतेय. रस्ते २००० मीटर उंचीपर्यंत जातात आणि उन्हाळा कडक असतो. याचा कोणावर जास्त परिणाम?

टॉर्ककर्व्ह:
उंचीवर टर्बो सरळ जिंकतो. २००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के राहते. बिनटर्बो इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते, म्हणजे ३२५ पीएसची गाडी तिथे २६५ च्या आसपास उरते. टर्बो जास्त वेगाने फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो. तसं करताना हवा जास्त तापते आणि बूस्ट यायला जरा जास्त वेळ लागतो, तरी फरक मोठाच.

उष्णतेचं गणित उलटं आहे. हवा २० वरून ४० अंशांवर गेली की बिनटर्बो इंजिन सहा-सात टक्के गमावतं आणि तिथेच थांबतं. टर्बोमध्ये दाबलेली हवा कूलर थंड करतो. ७१८ मध्ये तो पाण्यावर चालतो, म्हणजे हवा-पाणी आणि मग पाणी-बाहेरची हवा असा दोन टप्प्यांचा प्रवास. एखाद-दुसऱ्या जोरदार ओढीला ही रचना उत्तम, कारण पाणी बरीच उष्णता सामावून घेतं. ट्रॅकवर लागोपाठ लॅप झाले की तेच पाणी तापतं आणि निवायला वेळ घेतं. इंटेकचं तापमान दर लॅपला चढत गेलं आणि इग्निशन मागे सरकू लागलं, तर एक लॅप सावकाश घ्या. पेट्रोल ९८ रॉनचं (रॉन म्हणजे ऑक्टेनचं माप) भरा. कमी ऑक्टेनवर दोन्ही इंजिनं स्वतःला सावरतात, पण टर्बोचं नुकसान जास्त दिसतं.

कारण भार. सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब काढला तर ७१८ एस ४२० न्यूटन-मीटरला सुमारे २१ बारवर असते आणि ९८१ एस तिच्या ३७० ला साडेतेराच्या आसपास. प्लग, ऑइल, पेट्रोल, कूलंट, प्रत्येक बाबतीत टर्बो काटेकोरपणा मागतो तो यामुळे.

गॅरेजमधून:
टॉर्ककर्व्ह यांच्या २१ बारच्या मुद्द्यावरून पुढे जातो. टर्बो इंजिनात ऑइलची मुदत गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत ताणू नका. ८,००० ते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. डायरेक्ट इंजेक्शनमुळे थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत जास्तच. ऑइल पातळ होतं आणि पातळी मात्र कमी होताना दिसत नाही. दोन्ही गाड्यांना डिपस्टिक नाही, पातळी डॅशवर मोजावी लागते, म्हणून वास घेऊन किंवा काडीवर पाहून अंदाज येत नाही. ऑइल बदलताना थोडा नमुना प्रयोगशाळेत द्या. पेट्रोलचं प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या वर आलं तर मुदत आणखी कमी करा.

दुसरं, कमी आरपीएमवर उंच गिअरमध्ये पूर्ण पाय देणं. १५०० ला पाचव्यात पाय दाबला की टर्बो इंजिन ओढतंही, म्हणून ती सवय लागते. पण तिथे स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. ऑइलचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीचं काम करतो, आणि तो एक झटका पिस्टनच्या रिंगांमधला भाग तोडू शकतो. २५०० च्या खाली पूर्ण पाय नको, गिअर खाली टाका. एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये ही प्रवृत्ती कमी करणारं मिश्रण असतं, पण त्यासोबत पोर्शेची त्या इंजिनासाठीची मान्यता डब्यावर असायलाच हवी.

प्लग टर्बोमध्ये लवकर बदलावे लागतात. गॅप थोडा जरी वाढला तरी भाराखाली ठिणगी विझते आणि चौथ्या-पाचव्यात जोर देताना गाडी अडखळते. लोक इंजेक्टर आणि पेट्रोल पंपाच्या मागे लागतात, दोष निघतो प्लगमध्ये. जोरात चालवल्यानंतरची शेवटची दोन-तीन मिनिटं हळू चालवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कडक होत नाही.

आता सहा सिलिंडर. ९८१ चं इंजिन २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या कुळातलं आहे. त्याआधीच्या ९८६ आणि सुरुवातीच्या ९८७ या जुन्या पिढ्यांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग तुटून इंजिन जायचं. ९८१ मध्ये तो शाफ्टच नाही, तेव्हा त्या भीतीने ९८१ नाकारू नका. ९८१ मध्ये पाहायचं ते वॉटर पंपची गळती, पंपाखाली पांढरट किंवा गुलाबी सुकलेले डाग, थर्मोस्टॅट, कूलंटचे व्हॅक्यूमवर चालणारे व्हॉल्व्ह आणि इंजिन माउंट. इंटेक व्हॉल्व्हवर कार्बन दोन्ही गाड्यांत साठतो, कारण दोन्ही डायरेक्ट इंजेक्शन. थंडीत सुरू करताना गाडी थरथरली आणि गरम झाल्यावर शांत झाली, तर कॅमेरा घालून व्हॉल्व्ह पाहा. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीने ते साफ होतात, इंटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, बाकी इंजिन उघडावं लागत नाही.

रेडलाइन_७८००:
एकूण काय, सहा सिलिंडर घ्या. टर्बो नाही, म्हणजे बिघडायला एक भाग कमी.

गॅरेजमधून:
इतकं सरळ नाही. निसान ३७०झेड पाहा. ३.७ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ७५०० ची रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा). त्या इंजिनात पुढच्या टायमिंग कव्हरमागे ऑइलच्या वाटेवर कागदी गॅस्केट होतं. ते फाटलं की ऑइल प्रेशर गरम इंजिनावर आयडलला घसरतं. गॅस्केट स्वतः क्षुल्लक वस्तू, पण तिथवर पोहोचायला इंजिनाचा पुढचा भाग सगळा सोडवावा लागतो. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, म्हणजे गळला की गिअरबॉक्स खाली. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना ऑइल कूलर नव्हता आणि ट्रॅकवर ऑइल तापून गाडी स्वतःच ताकद कमी करायची. सिलिंडर किती आणि टर्बो आहे की नाही, यावरून टिकाऊपणा ठरवता येत नाही. त्या विशिष्ट इंजिनाचे विशिष्ट दोष माहीत असावे लागतात.

सिक्सपॉट:
आणि लोटस एमिराचा व्ही६ सुद्धा या तुलनेत ओढून आणू नका, तो सुपरचार्जरवाला आहे. जीआर सुप्राचा सहा सिलिंडर टर्बोवालाच. सहा म्हणजे बिनटर्बो हे समीकरण आता फार थोड्या गाड्यांत उरलं आहे.

बव्हेरियन_बोल्ट:
झेड४ बद्दल लिहितो, कारण ई८९ पिढीच्या झेड४ मध्ये ही तुलना जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखी मिळते. एसड्राइव्ह३०आय मध्ये एन५२ इंजिन, तीन लिटर, सरळ सहा, बिनटर्बो, २५८ पीएस आणि ३१० न्यूटन-मीटर. २०११ मध्ये तिच्या जागी एसड्राइव्ह२८आय आली, एन२०, दोन लिटर टर्बो, २४५ पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर, तेही १२५० पासून. शून्य ते शंभरचा वेळ जवळपास तोच. नाकावरचं वजन चार सिलिंडरमुळे घटलं आणि वळणात शिरताना ते जाणवतं. याबाबतीत एन२० ला तिचं श्रेय द्यायला हवं.

तरीही माझी निवड एन५२, आणि कारण आवाज नाही. एन५२ पोर्ट इंजेक्शनचं आहे, पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातं, त्यामुळे कार्बनचा प्रश्नच नाही. त्याचे दोष ठरलेले आहेत. इलेक्ट्रिक वॉटर पंप एक लाख किलोमीटरच्या आसपास, बहुतेकदा सूचना न देता बंद पडतो. पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र बदला. ब्लॉकमध्ये मॅग्नेशियम असल्यामुळे तिथले अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे, जुने परत लावले तर तुटतात. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट गळलं तर ऑइल थेट बेल्टवर पडतं, बेल्ट निसटतो आणि क्रँकच्या सीलमागे ओढला जाऊ शकतो. पाझर दिसला की लगेच काम करा, थांबू नका.

एन२० चा दोष मात्र इंजिनाच्या मुळावर येणारा आहे. टायमिंग चेनच्या प्लास्टिकच्या पट्ट्या ठिसूळ होऊन तुटतात, विशेषतः २०१५ च्या आधीच्या इंजिनांत. थंड इंजिन सुरू करून आरपीएम हळूहळू २००० पर्यंत न्या. आरपीएमसोबत चढणारी बारीक शिट्टीसारखी कुरकुर ऐकू आली, तर ऑइल पंपाची चेन किंवा तिची पट्टी संशयात. सम्प काढून ऑइलच्या जाळीत प्लास्टिकचे तपकिरी तुकडे आहेत का ते पाहा. चेनचं काम झाल्याची पावती असेल तर एन२० हलकी, चपळ आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी आहे. पावती नसेल तर ते काम करायचंच आहे असं धरून सौदा करा.

वळणवेडा:
झेड४ बाजूला ठेवतो, मॅन्युअलमध्ये मधल्या इंजिनाचीच गाडी हवी, म्हणजे या दोन पोर्शेंसारखी, इंजिन चालकाच्या मागे असलेली. ९८१ आणि ७१८ घेण्याआधीची तपासणी सांगाल का? आणि ७१८ जीटीएस ४.० चा विचार करावा का?

ओबीडीवाला:
जीटीएस ४.० म्हणजे चार लिटर, सहा सिलिंडर, बिनटर्बो, ४०० पीएस, मॅन्युअलमध्ये ४२० न्यूटन-मीटर आणि ७८०० ची रेडलाइन. टॉर्कचा आकडा ७१८ एस एवढाच, फक्त मिळतो खूप वर. खर्चाची मर्यादा नसेल तर प्रश्न सुटला, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. लांब गिअर तिलाही आहेत, आणि युरोपातल्या गाड्यांना पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असल्यामुळे तिचा आवाज जुन्या ९८१ इतका मोकळा नाही. आवाजासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर आधी दोन्ही शेजारी ऐका.

तपासणीत पहिली मागणी ओव्हररेव्ह रिपोर्टची. मॅन्युअल पोर्शेत हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. इंजिनाचा कॉम्प्युटर रेडलाइनच्या वरची वेळ सहा रेंजमध्ये नोंदवतो, आणि प्रत्येक रेंजची शेवटची नोंद इंजिनाच्या कितव्या तासाला झाली तेही. रेंज १-२ मधल्या नोंदी लिमिटरला टेकल्याच्या, जोरात चालवलेल्या गाडीत त्या असणारच. रेंज ४ आणि वरच्या नोंदी चुकीचा गिअर पडल्याच्या, म्हणजे तिसऱ्यातून चौथ्याऐवजी दुसरा. रिपोर्ट द्यायला टाळाटाळ झाली तर ती गाडी सोडा.

मग सगळ्या सिलिंडरची लीकडाउन टेस्ट गरम इंजिनावर, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते मोजणं. एकच आकडा पाहू नका, सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते पाहा. एकाचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर हवा कुठून निसटते ते ऐका: इंटेकमधून, एक्झॉस्टमधून की ऑइल भरायच्या तोंडातून. प्लगच्या भोकातून बोअरोस्कोप घालून सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आहेत का ते बघा. ७१८ मध्ये याशिवाय टर्बोच्या इंटेक पाइपमध्ये ऑइल साचलंय का, आणि इंजिनाला आधी कधी ट्यूनिंग झालंय का हे तपासा. टर्बोची ताकद सॉफ्टवेअरने सहज वाढते, आणि विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असू शकतं. क्लच पाचव्यात २५०० वरून पूर्ण पाय देताना घसरला तर शंका घ्यायला जागा आहे, कारण वाढवलेल्या टॉर्कचा पहिला फटका क्लचलाच बसतो.

टॉर्ककर्व्ह:
तुमच्या वापरासाठी माझं मत: बहुतेक वेळ १५०० मीटरच्या वर चालवणार असाल, किंवा सोबत माणसं असताना आरामात ओव्हरटेक हवा असेल, तर ७१८ एस, २.० नव्हे. वळणातली अचूकता आणि ट्रॅकवर लॅपमागून लॅप एकसारखी ताकद हवी असेल तर ९८१ एस, आणि ती मागच्या डिफरेन्शियल लॉकसह (एक चाक मोकळं फिरू न देणारी यंत्रणा), म्हणजे टॉर्क व्हेक्टरिंगचा पर्याय घेतलेली शोधा. तसा पर्याय ७१८ लाही हवाच, कारण तिचा टॉर्क लवकर येतो आणि आतलं चाक वळणातून निघताना मोकळं फिरतं. ७१८ चं वजन १३५५ किलो, ९८१ चं १३२०. हा फरक निर्णय फिरवण्याइतका नाही.

वळणवेडा:
९८१ एसकडे कल आहे, टॉर्क व्हेक्टरिंगवाली एक नजरेत आहे. विक्रेता रिपोर्ट काढून द्यायला तयार आहे. रेंज ४ मध्ये नोंद निघाली तर लगेच नाही म्हणायचं का?

गॅरेजमधून:
तास पाहा. समजा नोंद ३०० व्या तासाची आहे आणि इंजिन आज १,४०० तासांवर आहे. त्यानंतर इंजिन शेकडो तास चाललं, लीकडाउन एकसारखी आली, व्हॉल्व्हचा टकटक आवाज नाही, तर ती नोंद जुनी मानून भाव करायला हरकत नाही. नोंद शेवटच्या ५० तासांतली असेल, किंवा रेंज ५-६ मध्ये काहीही असेल, तर दुसरी गाडी पाहा. आणि एकूण तासांनी किलोमीटरला भागून बघा. सरासरी वेग ताशी ४०-६० च्या आसपास यायला हवा. फारच कमी आला तर गाडी बहुतेक गर्दीत, थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारत वापरलेली आहे, किंवा मीटरला हात लागलेला आहे. अशा वेळी सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर तारखेनुसार मांडून जुळवून घ्या.